रंग पक्का होतो तो सोबतीने

कापड घेताना गिऱ्हाईक हमखास विचारते, ‘रंग पक्का आहे ना?’ आणि दुकानदारही ‘एकदम पक्का’ म्हणून मोकळा होतो. प्रश्नामागे आणि उत्तरामागे समजूत एकच: पक्केपणा हा रंगाचा अंगचा गुण. एखादा रंग मुळातच टिकाऊ, दुसरा मुळातच उडणारा. चेन्नई शहर ज्या धंद्याच्या जिवावर उभे राहिले, त्या रंगीत सुती कापडाच्या धंद्याचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. रंग टिकणार की जाणार हे ठरवण्यात रंगाच्या रेणूइतकाच, पुष्कळदा त्याहूनही मोठा वाटा त्याच्या सोबतीचा असतो. तुरटी, पाणी, सूत, हवा, ऊन ही ती सोबत. आज सूक्ष्मदर्शकाखाली एकेक रेणू सुटा पाहणाऱ्या शास्त्रज्ञांनाही आपले रंग टिकवण्यासाठी अखेर याच वाटेने जावे लागले. ही दोन टोके एकमेकांशेजारी ठेवली की चोळमंडळ किनाऱ्यावरच्या रंगाऱ्यांनी काय साधले होते, ते नीट मोजता येते.

मद्रास जन्मले तेच कापडासाठी. १६३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डे याने स्थानिक नायकाकडून ही जागा मिळवली, तेव्हा तिथे धड बंदर नव्हते. जहाजे दूर समुद्रात नांगर टाकून उभी राहत आणि माल मासुला होड्यांतून फेसाळत्या लाटा ओलांडून न्यावा-आणावा लागे. तरीही जागा पसंत पडली, कारण या भागात कापड चांगले मिळे आणि स्वस्त पडे. पुढची शंभर वर्षे शहर वाढले ते कापडावरच्या कामांच्या हिशेबाने. किल्ल्याच्या उत्तरेला कापड धुणाऱ्यांची वस्ती झाली, ती आजची वॉशरमनपेट. गव्हर्नर जॉर्ज मॉर्टन पिट याच्या कारकिर्दीत, १७३४ मध्ये, कूम नदीच्या वळणात चिंताद्रिपेट वसवली गेली. तिथे सूत कातणारे, विणकर, कापडावर चित्रे काढणारे आणि धुणारे यांना मुद्दाम आणून बसवले. धुणाऱ्यांना या रांगेत बरोबरीची जागा मिळावी, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. धुणे म्हणजे मळ काढणे एवढेच असते, तर कंपनीने त्याचा इतका विचार केला नसता. या किनाऱ्यावर धुणे हा रंगकामाचाच भाग होता.

हे रंगकाम कसे चाले, याचे तपशीलवार वर्णन फ्रेंचांच्या पुदुच्चेरीहून आपल्याला मिळते. गास्तों-लोराँ कर्दू नावाच्या जेझुइट पाद्र्याने ख्रिस्ती झालेल्या कारागिरांकडून विचारून घेऊन १७४२ मध्ये एक लांबलचक पत्र लिहिले. त्याच्या आठेक वर्षे आधी बोल्यो नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने छिटेचे काम समोर बसून पाहिले होते आणि प्रत्येक पायरीचा कापडाचा तुकडा टिपणांसोबत जोडला होता. या वर्णनांतून क्रम दिसतो तो असा. कापड आधी अर्धेच धुऊन पांढरे करायचे. मग हिरड्याची पूड म्हशीच्या दुधात कालवून त्यात ते भिजवायचे, पिळायचे, वाळवायचे आणि लाकडी मोगरीने कुटून गुळगुळीत करायचे. दुधामुळे पुढचे द्रव कापडावर पसरत नाहीत. हिरड्यातला तुरटपणा सुतात बसतो. काळ्या रेषांसाठी लोखंड आंबवून केलेले पाणी कलमाने लावायचे. जिथे तांबडा हवा तिथे तुरटीचे पाणी. तुरटीला स्वतःचा रंग नाही, मग कुठे लावली आणि कुठे राहिली हे कळायचे कसे? म्हणून तिच्यात पतंगाच्या लाकडाचा लालसर रंग मिसळायचा. हा रंग कच्चा, थोड्याच वेळात जाणारा, पण काम चालू असेपर्यंत पुरणारा. शेवटी सगळे कापड सायवेर या झुडपाच्या मुळ्यांच्या काढ्यात उकळायचे.

उकळून काढलेले कापड बघणाऱ्याला बिघडलेलेच वाटावे. नक्षी दिसते खरी, पण मोकळी जमीनही तांबूस होऊन बसलेली असते. इथे धुणाऱ्याचे काम सुरू होते. कापड शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या कालवलेल्या पाण्यात भिजत घालायचे, धुवायचे, उन्हात पसरायचे, वाळू लागले की पाणी शिंपडायचे, पुन्हा भिजवायचे, पुन्हा पसरायचे. दिवसांमागून दिवस हे चालते. हळूहळू जमीन पांढरी होते आणि तुरटी लावलेल्या फुलाचा तांबडा मात्र उजळत जातो. आता नीट पाहिले तर या एका कापडावर एक काटेकोर प्रयोग झालेला आहे. सूत तेच, मुळीचा रंग तोच, पाणी तेच, मद्रासचे कडक ऊनही तेच. फरक एवढाच, की एका ठिकाणी रंगाच्या रेणूला तुरटीतल्या ॲल्युमिनियमची सोबत मिळाली आणि शेजारच्या बोटभर जागेत मिळाली नाही. सोबत मिळाली तो रंग दोनशे-तीनशे वर्षे टिकून आज युरोपातल्या संग्रहालयांत दिसतो. सोबत नव्हती तो आठवडाभरात धुण्यात आणि उन्हात निघून गेला. पक्केपणा रंगाच्या अंगचाच असता, तर दोन्ही जागी निकाल एकच लागायला हवा होता.

युरोपला या कापडाचे वेड लागले ते मुख्यतः याच गुणामुळे. धुतले तरी नक्षी फिकी पडत नाही, असे रंगीत सुती कापड तिथे कुणाला बनवता येत नव्हते. तिथल्या विणकरांची धास्ती इतकी वाढली, की फ्रान्सने १६८६ मध्ये आणि इंग्लंडने १७०० व १७२१ च्या कायद्यांनी छिटेवर बंदी घातली. बंदीच्या जोडीला शोधही चालू होता. ज्याच्यासाठी बोल्योने टिपणे केली, तो शार्ल द्यु फे हा पॅरिसचा शास्त्रज्ञ विजेचे दोन प्रकार ओळखणारा म्हणून प्रसिद्ध आहे. पण १७३० च्या दशकात त्याच्याकडे फ्रेंच सरकारचे आणखी एक काम होते, ते कापडांच्या रंगांची परीक्षा ठरवण्याचे. फ्रान्समध्ये रंगाऱ्यांचे दोन वर्ग होते, पक्का रंग देणारे आणि कच्चा देणारे. कोणी कुठली द्रव्ये वापरायची हे कायद्याने बांधून दिलेले होते. द्यु फेने नमुने उन्हात ठेवून पाहिले आणि द्रव्याच्या नावावरून पक्केपणा ठरवण्याऐवजी उकळण्याच्या चाचण्या सुचवल्या. थोडक्यात, फ्रेंच कायदा जी गोष्ट द्रव्याच्या नावात शोधत होता, ती द्यु फे कसोटीत शोधू लागला. आणि पुदुच्चेरीहून त्याला जे मिळाले, त्यात द्रव्यांच्या नावांपेक्षा पायऱ्याच जास्त होत्या.

कर्दूच्या पत्रात पाण्याचा विषय पुन्हा पुन्हा येतो. कारागीर म्हणत, तुरटीसाठी अमुक चवीचेच पाणी हवे; सगळ्या विहिरींचे पाणी चालत नाही. सायवेरबद्दलही असाच आग्रह होता. समुद्राकाठच्या रेताड जमिनीतली मुळी सर्वांत चांगली, कृष्णेच्या मुखाजवळची तर नावाजलेली. श्रीलंकेत मन्नार आणि जाफना भागांत ही मुळी खणण्यावर डचांनी महसूलच बसवला होता. वाचणाऱ्याला ही कारागिरांची अंधश्रद्धा किंवा धंद्याचे गुपित राखण्याची युक्ती वाटू शकते. पण पुढच्या रसायनशास्त्राने यातला बराच भाग खरा ठरवला. सायवेर आणि मंजिष्ठवर्गातल्या मुळ्यांमधला मुख्य रंग अलिझरिन. तो ॲल्युमिनियमशी जोडला जातो, पण उत्तम तांबडा साधायला तिसरा भागीदार लागतो, तो म्हणजे चुन्यातले कॅल्शियम. शिंपल्यांचा चुरा मिसळलेली वाळू आणि खारट-तुरट विहिरी यांतून तो आपोआप पुरवला जात होता. पाण्याची चव म्हणजे त्या काळचे पृथक्करण होते. १७९५ मध्ये कोरोमंडलच्या, म्हणजे याच चोळमंडळ किनाऱ्याच्या, वनस्पतींवरील ग्रंथात विल्यम रॉक्सबर्गने सायवेरचे चित्र दिले, तेव्हा झुडपासोबत रंगाची रीतही नोंदवली. आदल्याच वर्षी एडवर्ड बँक्रॉफ्टने लंडनमध्ये पक्क्या रंगांवर ग्रंथ काढून रंगांचे दोन वर्ग पाडले: स्वतःच्या बळावर बसणारे आणि दुसऱ्या द्रव्याच्या आधाराने बसणारे. युरोपच्या पुस्तकांत हे वर्गीकरण आले तेव्हा या किनाऱ्यावर त्यानुसार कित्येक पिढ्या काम होऊन गेले होते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. बँक्रॉफ्टच्या पहिल्या वर्गाचे काय? नीळ घ्या. तिला तुरटी लागत नाही, हिरडा लागत नाही, आणि तरी ती टिकते. मग पक्केपणा रंगाच्या अंगचाच की. हा आक्षेप अर्धा खरा आहे. निळीच्या रेणूला सोबत लागत नाही, कारण ती त्याच्या घडणीतच आहे. प्रकाशाने मिळालेली ऊर्जा हा रेणू आतल्या आत, हायड्रोजनच्या एका अणूची जागा बदलून, इतक्या झटकन उष्णतेत घालवून टाकतो की बिघाड व्हायला सवड राहत नाही. असले व्यापार सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही लहान काळात घडतात. ते मोजणारे मद्रास विद्यापीठाचे अतिजलद प्रक्रियांचे राष्ट्रीय केंद्र आज चेन्नईच्याच तरमणी भागात आहे. पण उरलेला अर्धा आक्षेप टिकत नाही, कारण तीच नीळ लोकरीवर उन्हाला फारशी दाद देत नाही, पण सुतावर देते. म्हणजे ज्या रंगाला आपण स्वयंपूर्ण म्हणतो, त्याचेही आयुष्य तो कशावर बसला आहे यावर अवलंबून राहतेच. किनाऱ्यावरच्या कारागिरांना पिवळ्याच्या बाबतीत मात्र अशी भक्कम सोबत सापडली नाही. म्हणून जुन्या छिटांतली हिरवी पाने, जी निळीवर पिवळा चढवून केलेली असत, आज निळी दिसतात.

दुसरा आक्षेप खुद्द मद्रासचेच नाव पुढे करतो. जगभर ‘मद्रास’ म्हणून ओळखले गेलेले चौकडीचे कापड रंग सोडणारे म्हणूनच गाजले. हे सूत आधी रंगवून मग विणलेले कापड ‘रिअल मद्रास हँडकरचीफ’ या नावाने पश्चिम आफ्रिकेत जाई. नायजेरियातल्या कालाबारी लोकांनी ते आपल्या विधींत इतके मुरवले, की त्यातले निवडक धागे कापून नवी नक्षी काढण्याची कलाच उभी केली. १९६० च्या दशकात अमेरिकेत याच जातीचे कापड ‘ब्लीडिंग मद्रास’ म्हणून आले आणि रंग सुटण्याची हमी देऊन विकले गेले. दर धुण्याला चौकडीचे रंग एकमेकांत उतरत, कडा मऊ होत, आणि गिऱ्हाईक त्यावरच खूश. मग ज्या गावाला स्वतःचा माल पक्का करता येत नव्हता, त्याच्या रंगज्ञानाचे गोडवे कशाला? उत्तर असे, की हाच पुरावा उलट बाजूने वाचायला हवा. त्याच किनाऱ्यावर, त्याच वनस्पतींपासून आणि त्याच सुतावर, एकीकडे अडीच शतके न हलणारी छीट आणि दुसरीकडे बादलीभर पाण्यात वाहणारी चौकडी तयार होत असेल, तर फरक रंगात नाही, रंगाला सुताशी बांधण्यावर किती मेहनत घेतली यात आहे. बांधणीला दिवस लागतात, दिवसांचे पैसे पडतात, आणि बाजार मागेल तेवढीच बांधणी होते. पतंगाचा कच्चा रंग तुरटीत खूण म्हणून घालणाऱ्या कारागिराला कच्च्याचा उपयोगही पक्क्याइतकाच ठाऊक होता.

तिसरा आक्षेप इतिहासाचा. १८६८-६९ मध्ये जर्मनीत ग्रेब आणि लिबरमान यांनी अलिझरिन प्रयोगशाळेत बनवले, आणि काही दशकांत मंजिष्ठ आणि सायवेर दोन्हींची शेती बसली. रेणू हाती आल्यावर सोबतीची किंमत संपली, असे यावरून वाटते. पण कारखान्यातले अलिझरिनही तुरटी आणि चुन्याविना कच्चेच होते. बदलला तो मुळी खणणारा, रंगाची रीत बदलली नाही. आणि जे नवे कृत्रिम रंग सोबतीचा विचार न करता बाजारात आले, त्यांनी फजिती केली. स्कॉटलंडच्या घराण्यातला कापड कारखानदार जेम्स मॉर्टन याने १९०२ मध्ये लंडनच्या लिबर्टीच्या दुकानात, खिडकीत मांडलेले आपलेच कापड पाहिले, तर ते काही दिवसांतच फिके पडलेले. त्याने घरी नमुने उन्हात ठेवले आणि आणखी कडक परीक्षेसाठी हिंदुस्थानातल्या आप्ताकडेही पाठवले. बहुतेक नापास झाले. जे थोडे उरले त्यांवर त्याने ‘सनडूर’ हे न उडणारे कापड उभारले. सोबतीचे वजन पुढे आकड्यांतही दिसले. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या पॅट्रिशिया क्रूज यांनी १७ वनस्पतिज पिवळ्या रंगांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की उन्हात रंग किती उडतो हे ठरवण्यात रंगापेक्षा रंगबंधकाचा, म्हणजे तुरटीसारख्या बांधणाऱ्या द्रव्याचा, वाटा मोठा. त्यातही कथील आणि तुरटी यांच्यावर पिवळा लवकर उडाला. लोखंड, तांबे आणि क्रोम यांच्यावर जास्त टिकला. म्हणजे तुरटी अलिझरिनला तारते, पण प्रत्येक रंगाला तारेलच असे नाही. शिवाय तारण्याची किंमत असते. जुन्या छिटांत काळ्या रेषांच्या जागी आज बारीक चिरा दिसतात, कारण लोखंडाने रंग राखला आणि सूत खाल्ले.

आता दुसरे टोक. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात डब्ल्यू. ई. मर्नर यांनी स्फटिकात अडकलेल्या एका एकट्या रेणूने शोषलेला प्रकाश ओळखला. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये मिशेल ओरी यांनी एकेका रेणूची प्रतिदीप्ती पाहिली. तेव्हापासून प्रथिनांना, डीएनएला रंगाचा एकेक रेणू चिकटवून त्यांच्या हालचाली पाहणे ही जीवशास्त्राची रोजची रीत झाली. पण या रीतीला पहिल्या दिवसापासून एकच रड आहे: रंग उडतो. लेझरच्या झोतात असा रेणू साधारण लाख ते दहा लाख प्रकाशकण सोडतो आणि मग कायमचा विझतो, बहुधा काही सेकंदांत. कारण असे, की प्रकाश शोषून जागा झालेला रेणू सहसा लगेच उजळून शांत होतो. पण अधूनमधून तो ‘ट्रिप्लेट’ नावाच्या अवस्थेत अडकतो. ती हजारो पटींनी लांबते, तेवढ्यात आसपासचा ऑक्सिजन त्याला गाठतो, त्याची ऊर्जा घेऊन स्वतः खवळतो आणि रंगावरच तुटून पडतो. साधा उपाय म्हणून ऑक्सिजनच काढून टाकला. ग्लुकोज ऑक्सिडेज आणि कॅटालेज या विकरांची जोडी द्रावणात टाकली की ती ऑक्सिजन खाऊन टाकते. रंग उडायचा थांबला, पण लुकलुकू लागला. कारण ट्रिप्लेटमधून त्याला सोडवणाराही ऑक्सिजनच होता. शत्रू घालवला तर मित्रही गेला. २००६ मध्ये तैक्जिप हा यांच्या गटाने ‘ई’ जीवनसत्त्वाचा भाऊबंद असलेले ट्रोलॉक्स द्रावणात घालून लुकलुक थांबवली. २००८ मध्ये जर्मनीत फिलिप टिनेफेल्ड यांच्या गटाने इलेक्ट्रॉन देणारे आणि घेणारे अशी दोन द्रव्ये एकत्र ठेवून हा उपाय तत्त्व म्हणून मांडला. आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्कॉट ब्लँचर्ड यांच्या गटाने ट्रिप्लेट विझवणारा लहान रेणू थेट रंगाच्या रेणूलाच बांधून टाकला.

या क्रमाकडे पाहिले की दिसते, ते असे: प्रत्येक पायरीला रंग बहुतेक तोच राहिला, बदलली ती त्याची सोबत. आधी वाईट सोबत काढली, मग चांगली शेजारी ठेवली, शेवटी ती अंगाला बांधली. तुरटीचे काम याच शेवटच्या प्रकारचे आहे. इथे दोन गोष्टी एक करण्याचा मोह टाळला पाहिजे. कापडाच्या रंगाला धुण्यातही टिकायचे असते आणि उन्हातही. तुरटीचे मोठे काम पहिले आहे, प्रयोगशाळेतला प्रश्न दुसराच आहे. छीट काढणाऱ्याला ट्रिप्लेट ठाऊक नव्हता आणि ट्रोलॉक्स शोधणाऱ्याने सायवेरकडून काही शिकले, असाही दावा नाही. साम्य आहे ते प्रश्न मांडण्यात. ‘कुठला रंग टिकतो?’ असे विचारणारा रंग बदलत बसतो. ‘हा रंग कशाच्या सोबतीने टिकतो?’ असे विचारणारा पाणी, मीठ, धातू, हवा एकेक करून तपासतो. किनाऱ्यावरचा कारागीर हा दुसरा प्रश्न विचारत होता, आणि त्याची उत्तरे चवीत, दिवसांच्या संख्येत, जमिनीच्या पोतात साठवून ठेवत होता.

यावरही म्हणता येईल, की नव्या काळात खुद्द रेणूच सुधारले जात आहेत. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या जनेलिया संस्थेत ल्यूक लाविस यांच्या गटाने रंगांच्या रेणूवरचे टोकाचे लहान गट बदलून त्यांना जास्त तेजस्वी केले. हे खरे आहे आणि मोलाचे आहे. निळीने दाखवलेला मार्ग तो हाच. पण सुधारलेला रंगही जिवंत पेशीत गेल्यावर तिथल्या ऑक्सिजनच्या, आम्लतेच्या आणि प्रथिनांच्या हवाली होतो. शिवाय सोबत बदलण्याला मर्यादा आहेत, हेही प्रयोगशाळांना लोखंडाच्या काळ्या रेषेइतक्याच ठळकपणे कळले आहे: पेशीतून ऑक्सिजन काढला तर पेशीच मरते, आणि ग्लुकोज खाणारी विकरे काम करता करता द्रावण आंबट करत जातात. म्हणून कुठलाही एक नुस्खा सर्वत्र चालत नाही. अतिसूक्ष्म चित्रणाच्या काही पद्धतींत तर रंगाचे विझणे-पेटणेच मुद्दाम घडवून आणतात, कारण एका वेळी थोडेच रेणू उजळले तर त्यांची जागा अचूक कळते. तिथे पक्केपणा नको असतो, हवा असतो तो ताबा.

पक्का रंग म्हणजे न उडणारा रंग, ही व्याख्या त्यामुळे अपुरी पडते. कशासमोर, किती काळ आणि कुणाच्या आधाराने टिकणारा, हे सांगितल्याखेरीज ‘पक्का’ या शब्दाला अर्थच उरत नाही. मद्रासच्या धंद्याने छीट आणि चौकडी अशी दोन्ही कापडे विकून हेच दाखवले. त्या धंद्याचा इतिहास लिहिताना आपण सहसा कंपनी, जहाजे आणि बंदीचे कायदे मोजतो, आणि कारागिरांच्या वाट्याला ‘पिढीजात हातोटी’ एवढा एक शब्द ठेवतो. विहिरीची चव पाहून तुरटी कालवणारा आणि आठवडाभर कापडावर पाणी शिंपडणारा माणूस रंगाच्या सोबतीवर ताबा ठेवत होता. ज्या कामासाठी आज लेझर, विकरे आणि शोधनिबंध लागतात त्याच्याच जातीचे ते काम होते. त्याला हातोटी म्हणून बाजूला ठेवले, तर विज्ञानाच्या इतिहासातला एक सलग धागा आपणच मध्येच तोडतो.